आज्ञा आपल्याला की शेजाऱ्याला?



मेंदीचा कार्यक्रम असो की मलिदा, आपली चार माणसे जमली आणि चहाचे कप हातात आले की बोलणे हमखास एका विषयाकडे वळते. कोणाच्या सुनेला शब्बाथच्या दिवशी मोटार चालवली म्हणून गल्लीत कोणीतरी हटकलेले असते. कोणाच्या नातीचे लग्न नोंदवताना रब्बानूतच्या कचेरीत आजीच्या आईपर्यंत चौकशी झालेली असते. कोणाचा मुलगा येशिवातून सुटीला येतो आणि आईच्या भांड्यांत जेवायला नको म्हणतो. मग एकजण तरी विचारतोच, "देवाला मानणारी माणसे ही! आपला धर्म आपल्या घरी पाळून स्वस्थ का बसत नाहीत? दुसऱ्याच्या ताटात आणि दुसऱ्याच्या वंशात यांना कशाला डोकवायचे असते?"

प्रश्न रागाने विचारलेला असतो, म्हणून उत्तरही रागानेच दिले जाते. कोणी म्हणतो ही सत्तेची हाव आहे, कोणी म्हणतो सगळे ढोंग आहे. आमचे या उत्तरांनी समाधान होत नाही. आम्ही स्वतः शब्बाथ पाळतो, मशिदीत जातो (सिनेगॉगला आमच्या तोंडी अजून मशीदच येते), दारफाळणीच्या सणाला उपास धरतो. देव मानणाऱ्यांकडे आम्ही कुंपणाबाहेरून पाहत नाही. म्हणून या प्रश्नाचा जरा शांतपणे विचार करावा असे वाटले. तो करायला आपल्या समाजाच्या इतिहासाइतकी चांगली शाळा दुसरी नाही. नियम लादून घेण्याचा अनुभव आपल्या पदरी आहे आणि, पुढे येईलच, लादण्याचाही आहे.

आम्ही या देशात १९६९ साली आलो. त्याआधीच्या वादळाची हकीकत आम्हाला आमच्या थोरल्या मेहुण्यांकडून कळली. त्या काळात ते बेरशेबाला राहत होते. आजच्या तरुण मंडळींना ती ऐकून माहीत असेल-नसेल म्हणून थोडक्यात सांगतो.

बेने इस्राएल १९४८ नंतर इथे येऊ लागले. काही वर्षांतच लग्नाच्या नोंदणीत अडचणी सुरू झाल्या. या देशात यहुद्यांची लग्ने आणि घटस्फोट १९५३ च्या कायद्याने रब्बींच्या न्यायालयांकडे सोपवलेले आहेत. नागरी लग्नाची सोय इथे तेव्हा नव्हती, आजही नाही. काही रब्बी आपल्या मुला-मुलींची इतर यहुद्यांशी लग्ने लावायला नकार देऊ लागले. ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बीमंडळाने निर्णय दिला की बेने इस्राएलांशी लग्नसंबंध करण्यास हरकत नाही. आपल्या लोकांना हायसे वाटले. पण फेब्रुवारी १९६२ मध्ये त्याच मंडळाने लग्न नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना पाठवल्या: बेने इस्राएल व्यक्ती आली तर तिची आई, आईची आई अशी जितकी मागे जाता येईल तितकी पिढ्यांची चौकशी करावी, घराण्यात कोणाचा घटस्फोट होऊन पुन्हा लग्न झाले होते का, निषिद्ध नात्यात लग्न झाले होते का, तेही पाहावे. शंका उरली तर प्रकरण रब्बींच्या न्यायालयाकडे जाणार.

एका हाताने दार उघडले आणि दुसऱ्या हाताने कडी घातली, असे मेहुणे म्हणत. दुसऱ्या कोणत्याही समाजाचे नाव घेऊन अशी सूचना काढलेली नव्हती. पेण-अलिबागकडच्या खेड्यात शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या पणजीचा दाखला कुठून आणायचा? त्या काळी गावात मुकादम होता, काजी होता, पाच पंच होते. लग्न सगळ्या गावाच्या देखत लागे. कागद असला तर असला.

मग सभा झाल्या, अर्ज गेले, निषेध झाला. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून आपले लोक यरुशलेमला गेले आणि ज्यूइश एजन्सीच्या, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या सोखनूतच्या, आवारात ठाण मांडून बसले. त्यांत आमचे मेहुणेही होते. बायाबापड्या, लेकरेबाळे, वळकट्या, पाण्याची भांडी असा सारा संसार तिथे होता. शेवटी सुटी चालू असताना क्नेसेटची खास बैठक बोलावण्यात आली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केले की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत, वैयक्तिक कायद्याच्या बाबतीतसुद्धा, इतर यहुद्यांच्या बरोबरीचे यहुदी आहेत. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला रब्बीमंडळाने सूचनेतून आपल्या समाजाचे नाव काढले आणि ज्या कोणाच्या घराण्याविषयी शंका असेल त्याची चौकशी करावी, असा सर्वांना लागू होणारा मजकूर घातला.

हकीकत संपली. आता आमचा प्रश्न. ज्यांनी त्या सूचना लिहिल्या ते विद्वान होते, आयुष्यभर तोराचा अभ्यास केलेले होते. आपल्या लोकांशी त्यांचे काही वैर नव्हते. मग त्यांनी असे का केले?

याचे उत्तर शोधायचे तर आधी त्यांची बाजू नीट मांडली पाहिजे. तोरात अशी आज्ञा आहे की मामझेर, म्हणजे विवाहित स्त्रीला परपुरुषापासून किंवा निषिद्ध नात्यातून झालेले मूल, याने इस्राएलाच्या मंडळीत लग्न करू नये. त्याच्या दहाव्या पिढीनेही करू नये. आता समजा, कोकणात एखाद्या स्त्रीने पंचांसमोर नवऱ्याला सोडले, पण धर्मशास्त्राप्रमाणे लिहिलेला गेट तिला मिळाला नाही, आणि तिने दुसरे लग्न केले. शास्त्राच्या हिशेबी ती अजून पहिल्याचीच बायको, आणि दुसऱ्या लग्नाची मुले मामझेर. बेने इस्राएलांना शेकडो वर्षे गेटची आणि हलिसाची माहिती नव्हती असे त्या रब्बींनी ऐकले होते. त्यांची भीती ही की आपण एक सही केली आणि तिच्यामुळे न धुता येणारा डाग पिढ्यानपिढ्या पसरला, तर देवाला काय जाब द्यायचा?

ही भीती खरी होती असे आम्ही मानतो. सत्तेची हाव आणि ढोंग यांवर आमचा विश्वास बसत नाही तो यामुळेच. दुसऱ्यावर नियम लादणारा धर्मनिष्ठ माणूस पुष्कळ वेळा मनातून भ्यालेला असतो.

या भीतीला आपल्या धर्मात मोठा आधारही आहे. सारे इस्राएल एकमेकांना जामीन आहेत, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मिद्राशात रब्बी शिमोन बर योहाय यांच्या नावावर होडीचा दाखला आहे. बरीच माणसे एका होडीत बसली होती. त्यांतला एकजण सामता घेऊन स्वतःच्या जागेखाली भोक पाडू लागला. बाकीचे ओरडले, तेव्हा तो म्हणाला, तुम्हाला काय त्याचे, मी माझ्या जागेखाली पाडतो आहे. ते म्हणाले, पाणी वर येईल तेव्हा आम्हीही बुडणार की!

हा दाखला ज्याच्या मनात बसला आहे त्याला शेजाऱ्याची शब्बाथची मोटार ही शेजाऱ्याची खाजगी बाब वाटतच नाही. त्याला भोक दिसते आणि पाणी दिसते. आपण त्याला ढवळाढवळ करणारा म्हणतो. त्याच्या मते तो होडी वाचवत असतो. आपल्या पूर्वजांची गोष्टही फुटलेल्या जहाजापासून सुरू होते. नवगावच्या किनाऱ्याला सात जोडपी जिवंत लागली आणि बुडालेल्यांना तिथेच पुरले, ही कथा आपल्या घरोघर सांगतात. तेव्हा जहाज फुटण्याची धास्ती काय असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पण दाखला जरा पुढे तपासून पाहा. त्या माणसाच्या हातात सामता होता, हे सर्वांना डोळ्यांनी दिसत होते. पाणी सर्वांच्या पायांना लागणार होते, यातही शंका नव्हती. आपल्या लोकांच्या हातात १९६२ साली कोणी सामता पाहिला होता? आपल्याकडे घटस्फोट क्वचितच होत. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे विधवांची लग्नेही सहसा होत नसत. शंकेला पुरावा नव्हता, आणि शास्त्र तर अशा शंकेच्या उलट बोलते. एखाद्या घराण्यात पूर्वी काही मिसळून गेलेच असेल तर ते मिसळलेले राहू द्यावे, उकरून काढू नये, असे मत ताल्मूदमध्येच नोंदलेले आहे. ज्यांनी ताल्मूद घडवला त्यांनाही वंशाच्या शुद्धीची काळजी होती. पण उकरण्याने किती घरे मोडतील याचीही होती.

आणि एक गोष्ट. त्या भीतीची किंमत कोणी द्यायची होती? सूचना लिहिणाऱ्याने फक्त शाई खर्च केली. लग्न खोळंबले ते दिमोना आणि बेरशेबाच्या मुलींचे. जी मुलगी शाळेत, कारखान्यात, सैन्यात इतरांच्या बरोबरीने होती, तिला होणाऱ्या सासूसमोर आपण यहुदी आहोत हे सिद्ध करावे लागले. भीती एकाची आणि दंड दुसऱ्याला. आमच्या मते नियम पाळणे आणि नियम लादणे यांतला फरक नेमका इथे आहे. आपण दारफाळणीचा उपास धरतो तेव्हा पोट आपले रिकामे राहते. दुसऱ्यावर नियम लादतो तेव्हा पोट त्याचे रिकामे राहते आणि पुण्य मात्र आपण आपल्या खात्यावर मांडतो.

आता कोणी म्हणेल, हे सारे त्या रब्बींचे झाले. आपण बेने इस्राएल साधीभोळी, सहनशील माणसे. तसे म्हणण्याआधी आपलीच वही उघडून पाहू.

कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. हाईम शमुएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पुरा केलेल्या आणि १९३७ साली तेल अवीवला छापून निघालेल्या आपल्या इतिहासातही तो आलेला आहे. ज्यांच्या आजीपणजीबद्दल ती परजातीची होती असा समज, ते काळे. त्यांच्याशी रोटीव्यवहार नाही, बेटीव्यवहार नाही. पणजीचा दाखला मागण्याची ही कल्पना रब्बीमंडळाने शोधून काढलेली नव्हती. आपल्या गावांत ती कागदावाचून चालू होती.

मुंबईत १८३६ साली बगदादी यहुद्यांनी सरकारकडे अर्ज केला की दफनभूमीत त्यांच्या आणि बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत घालावी. रंगूनच्या सिनेगॉगमध्ये आपल्या लोकांना विश्वस्तांच्या निवडणुकीत मत नाकारले गेले, तेव्हा १९३० च्या दशकात प्रकरण तिथल्या उच्च न्यायालयात गेले आणि न्यायाधीशांनी आपल्या बाजूने निकाल दिला. कोचीनला मट्टांचेरीच्या परदेशी सिनेगॉगमध्ये पूर्वीच्या गुलामांच्या वंशजांना बाकावर बसू देत नसत. त्यांच्यापैकीच एक, वकील अब्राहम बराक सालेम, यांनी गांधीजींच्या मार्गाने त्याच सिनेगॉगमध्ये सत्याग्रह केला. हक्क हळूहळू मिळाले. पण त्यांच्या मुलाचे गोऱ्या घराण्यातल्या मुलीशी लग्न ठरले, तेव्हा ते १९५० साली मुंबईला येऊन लावावे लागले.

गोऱ्यांनी काळ्यांना दूर ठेवले, बगदाद्यांनी गोऱ्या-काळ्या दोघांना, आणि इथे आल्यावर रब्बींनी सगळ्यांच्याच पणज्यांची चौकशी केली. प्रत्येकाच्या मनात धास्ती एकच: वरचा आपल्याकडे कसा पाहील? बगदाद्यांना इंग्रज साहेब आणि जगभरचे यहुदी काय म्हणतील याची काळजी होती. आपले शेजारी जातपात मानणारे होते, तेव्हा गोऱ्यांना आपला दर्जा घसरेल याची काळजी होती. ज्याला स्वतःच्या जागेची खात्री नसते तो खालच्याला ढकलून पाहतो, म्हणजे आपण वर आहोत असे वाटते. धर्माचा नियम अशा वेळी हातात आयता सापडतो, कारण त्याला उलट प्रश्न करायला लोक कचरतात.

मग सहनशील म्हणावे असे काही आपण पाहिलेलेच नाही का? पाहिले आहे. कोकणात आपल्या लोकांना शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद. शनिवारी घाणा चालव, असे गावाने कधी सांगितले नाही. उलट आपल्या लोकांनीही शेजाऱ्यांचे मन राखले. गोमांस तोराप्रमाणे आपल्याला चालते, तरी कोकणात आपल्या घरांत ते खात नसत. कोणी कायदा केला नव्हता, पोलीस दारात उभा नव्हता. ज्यांच्या विहिरीला विहीर लागून आहे त्यांना जे पूज्य ते आपल्या चुलीवर नको, एवढाच विचार.

त्याच महाराष्ट्रात २०१५ साली कायदा झाला आणि गाईबरोबर बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलीची बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेरून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. कायदा बरा की वाईट याचा निवाडा इथे बसून आम्ही करणार नाही. पण आपल्या आजीला विचारता आले असते तर तिने एक गोष्ट सांगितली असती. तिने आपखुशीने जे सोडले त्यातून शेजार वाढला. कैदेच्या भीतीने सोडायला लावले असते तर ताटातला पदार्थ तेवढाच कमी झाला असता. शेजार कुठून वाढणार?

गावाचे कौतुक करताना हेही विसरू नये की शनिवारला हात न लावणारा तोच जिल्हा दुसऱ्याला पाण्याला हात लावू देत नव्हता. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या हजारो बांधवांसह पाणी प्यायले, आणि नंतर सनातनी मंडळींनी ते तळे विधी करून शुद्ध करून घेतले. तेही धर्मच पाळत होते. तळ्याचे पाणी बाटेल, ही त्यांची भीती. तिची किंमत भरत होता तो तहानलेला माणूस.

मग धर्माची गोष्ट दुसऱ्याला सांगूच नये काय? तसे म्हटले तर आज आपण बेने इस्राएल म्हणून उरलोच नसतो. दावीद राहाबीची कथा आठवा. त्यांचा काळ कोणता यावर इतिहासकारांचे एकमत नाही, पण कथा घराघरांत एकच आहे. ते आपल्या गावांत आले. हे लोक शनिवार पाळतात, मुलांची सुंता करतात, प्रार्थनेचे म्हणून त्यांना फक्त शेमा येते, हे त्यांनी पाहिले. खात्री करायला त्यांनी बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले, बाकीचे बाजूला सारले. राहाबी समजले की हे आपलेच.

परीक्षा त्यांनीही घेतली, हे लक्षात घ्या. पण ती स्वयंपाकघरात घेतली, आणि बायकांच्या हाताला जे येत होते त्याची घेतली. त्यांना विसरलेल्या गोष्टींची यादी करायची नव्हती. टिकून राहिलेले शोधायचे होते. आणि परीक्षा झाल्यावर ते निघून गेले नाहीत. त्यांनी सण शिकवले, प्रार्थना शिकवल्या, झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर घराण्यांतली तीन माणसे तयार केली. तेच पुढे आपले काजी झाले. राहाबींनी शिकवलेले आपल्या लोकांनी धरले, ते कोणी कडी लावली म्हणून नव्हे. शिकवणारा आपल्यात राहिला, आपल्याबरोबर जेवला, म्हणून धरले.

ही कथा आम्हाला अलीकडे आमच्याच घरात उपयोगी पडली. आमचा एक नातू येशिवात गेला. अभ्यासू मुलगा, मनाने चांगला. पहिल्यांदा शब्बाथला घरी आला तो कागदी ताटे आणि प्लास्टिकचे चमचे घेऊन. आजीची भांडी कोशेर आहेत की नाहीत याची त्याला शंका. आत्येबहिणीला म्हणाला, बाह्या आखूड आहेत. एलियाहू हनाबीच्या मलिद्याचे ताट पाहून म्हणाला, ही गोयांची पद्धत दिसते. टेबलाभोवती एकदम शांतता पसरली. मुलाच्या बापाचा चेहरा लाल झाला.

आमच्या सौ. मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाळा, तुझे ताट तू आणलेस, चांगले केलेस. त्यातच जेव. पण माझे ताट माझ्यापुढे राहू दे. आणि बहिणीच्या बाह्या तिच्या आईने शिवल्या आहेत, ते ती पाहील." मग त्यांनी त्याला स्वयंपाकघरात नेले. मटणाच्या रश्शात काय घातले आहे ते दाखवले: नारळाचा रस. म्हणाल्या, "तुझ्या खापरपणजीला मांस-दूध वेगळे ठेवायचे हे पाठ होते. तिने पुस्तक वाचले नव्हते. म्हणून आपल्याकडे मटण असो, हलवा असो, सगळे नारळाच्या रसात. किद्दुशला द्राक्षारस मिळेना, तर मनुका भिजवून त्यांचे पाणी काढायची. तुझ्या रब्बींना विचारून ये, यात चुकले कुठे ते."

मुलगा काही बोलला नाही. त्या दिवशी कागदी ताटातच जेवला. पुढच्या खेपेला आला तो पिशवीत नारळाच्या रसाचे दोन डबे घेऊन, त्यांवर दोन-दोन रब्बींचे हेख्शेर. म्हणाला, "आजी, याच्यात कर, मग मी खाईन." सौ. हसल्या. डब्यातल्या रसाला ताज्या नारळाची चव नाही अशी कुरकुर करीत त्यांनी त्यात हलवा केला. त्याने तो खाल्ला, आणि मलिद्याचे ताट कशासाठी मांडतात ते विचारले. अजून तो मलिदा खात नाही. आम्ही आग्रह करीत नाही. त्याच्या बापाला मात्र वाटते की आपल्या घरात आपलाच रिवाज चालावा, त्याने खाल्लाच पाहिजे. आम्ही बापाला सांगतो, नातवाने आपल्यावर लादू नये असे वाटत असेल तर आपणही त्याच्यावर मलिदा लादू नये.

ताल्मूदमध्ये यासंबंधी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली आहे. शेजारी चुकत असेल तर त्याला सांगणे ही तोराची आज्ञा. पण जे ऐकले जाईल ते सांगणे जसे कर्तव्य, तसेच जे ऐकले जाणार नाही ते न सांगणे हेही कर्तव्य. सांगणाऱ्याने आधी पाहिले पाहिजे की समोरच्याच्या कानापर्यंत आपला रस्ता आहे का. राहाबींचा होता. आजीचा नातवापर्यंत आहे. कचेरीच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाला तो रस्ता नसतो, म्हणून त्याच्यापाशी फक्त शिक्का उरतो.

आणि या देशात शिक्का फार मोठा आहे. इथे लग्न न करता लोक सायप्रसला जातात आणि परत येऊन नोंद करतात; परदेशातल्या लग्नाची नोंद करावी असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६३ सालीच झाला आहे. त्यांत आपली मुलेही असतात. ज्यांना खुपेत, हझ्झानच्या तोंडची बेराखा ऐकत लग्न करायचे होते, तीही चौकशीला कंटाळून विमानात बसतात. रब्बींनी विचार करावा असे आम्हाला वाटते ते इथेच. होडी वाचवण्यासाठी इतकी कडक पहारेदारी केली की लोक होडीतून उतरून चालले, तर वाचवले काय?

आम्हाला उमगले ते एवढेच. कोणी धर्माच्या नावाने आपल्याला काही करायला सांगितले तर आम्ही दोन गोष्टी पाहतो. याची किंमत कोण देणार, सांगणारा की आम्ही? आणि सांगून झाल्यावर हा आमच्याबरोबर बसून जेवणार आहे, की खिडकी बंद करून घरी जाणार आहे? याच दोन गोष्टी आम्ही स्वतःलाही विचारतो. सुनेला, जावयाला, नातवंडांना, शेजारच्या इथिओपियाहून आलेल्या कुटुंबाला काही सांगण्याआधी विचारतो. इथिओपियाहून आलेल्या आपल्या बांधवांना १९८० च्या दशकात याच रब्बीमंडळाने लग्नासाठी विधिवत डुबकी घ्यायला सांगितले होते, आणि १९८५ साली तेही यरुशलेमला निदर्शनांना बसले. त्यांच्या मुलीचे स्थळ आपल्या मुलाला येते तेव्हा आपल्याकडचे काही लोक नाक मुरडतात, ते आम्ही ऐकले आहे. अशा वेळी आपल्या घरातला १९६४ चा फोटो काढून पाहावा.

फोटोवरून आठवले. सोखनूतच्या आवारात बसलेल्यांपैकी आता थोडेच उरले आहेत. आमचे मेहुणेही गेले. ज्यांच्या घरी त्या वेळचे कोणी हयात असेल त्यांनी त्यांना शेजारी बसवून घ्यावे, कोण कोण आले होते, कोणी जेवण आणले, कोणाच्या मुलीचे लग्न अडले होते, ते वहीत उतरवून ठेवावे. आपल्या आजी-पणजींचे केथुबे पेटीत असतील तर तेही जपावेत. रब्बानूतच्या कचेरीत दाखवायला लागतात म्हणून जपा. पण त्याहून अधिक म्हणजे त्यांच्यावर आपल्या गावांची नावे आहेत. पुढच्या पिढीला ती मराठीत वाचून दाखवायला कोणीतरी हवे.

सर्व वाचकांना शालोम.